डोंगरातले झाड आणि काडीचे झाड

बोन्सायच्या कुठल्याही मोठ्या प्रदर्शनात मानाचे पान आधीच ठरलेले असते. कड्याच्या फटीतून खणून आणलेले, वाऱ्याने पिळवटलेले, अर्धे खोड वाळून पांढरे पडलेले एखादे झाड मध्यभागी असते आणि गर्दी त्याच्याभोवती जमते. जपानमध्ये अशा झाडांना यामादोरी म्हणतात. त्याच दालनात एखाद्या स्थानिक झुडपाच्या छाट कलमापासून, म्हणजे कोवळी काडी मातीत खोचून वाढवलेले झाड असले, तर जाणकार त्याच्यापुढून ‘रोपवाटिकेतले दिसते’ एवढे म्हणून निघून जातात. ही उतरंड इतकी अंगवळणी पडली आहे की ती या कलेइतकीच जुनी असावी, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की जपानचा बागकामाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. डोंगरातून झाडे आणण्याची हौस जुनी असेल, पण तिचा मोठा धंदा झाला तो गेल्या दीडशे वर्षांत, आणि तो फार काळ टिकला नाही. काडीपासून झाड करण्याची विद्या त्याआधी कित्येक पिढ्या तिथल्या माळ्यांच्या हातात मुरलेली होती. डोंगर रिकामे झाले तेव्हा बोन्सायला तारले ते याच विद्येने.

प्रथम डोंगराच्या बाजूचा पुरावा पाहू, कारण तो नाकारून चालणार नाही. चीनमध्ये शिआनजवळ तांग घराण्यातील राजपुत्र झांगहुआय याची कबर आहे. तिच्या भिंतीवर इ.स. ७०६ च्या सुमाराची चित्रे आहेत आणि त्यांत एका सेवकाच्या हातात दगड आणि लहान झाडे रचलेले तबक दिसते. जपानमध्ये १३०९ च्या ‘कासुगा गोंगेन गेन्की’ या चित्रगुंडाळीत एका श्रीमंत घराच्या अंगणात तबकातली छोटी झाडे मांडलेली आहेत. ‘हाची नो की’ या नो परंपरेतल्या जपानी नाटकातला दरिद्री सामुराई बर्फाच्या रात्री दारी आलेल्या भिक्षूला ऊब मिळावी म्हणून आपली जिवापाड जपलेली कुंडीतली तीन झाडे, प्लम, चेरी आणि पाइन, चुलीत घालतो. कुंडीतले झाड प्रतिष्ठेचे होते, हे यातून स्पष्ट होते. त्या काळी यातली काही झाडे रानातून आणली असणार, यातही शंका नाही. पण ती सगळी तिथूनच आली असे यापैकी एकही पुरावा सांगत नाही. चित्रातल्या तबकाकडे पाहून झाड कड्यावरचे की परसातले हे ठरवता येत नाही. रानाचा उगम आपण नंतरच्या आवडीतून त्यात वाचतो.

झाडे येत कुठून होती याचा भक्कम, लिखित पुरावा मिळतो तो एडो काळात, आणि तो रोपवाटिकेकडे बोट दाखवतो. १६३५ मध्ये तोकुगावा शोगुनांनी सरंजामदारांना आळीपाळीने एडोत, म्हणजे आजच्या तोक्योत, येऊन राहण्याचा नियम पक्का केला. प्रत्येक सरदाराला राजधानीत वाडे लागले, वाड्यांना बागा लागल्या आणि बागांना माळी लागले. शहराच्या उत्तरेला सोमेई नावाचे गाव होते. तिथले माळी या वाड्यांच्या आश्रयाने वाढले आणि दूरदूरच्या प्रांतांतून सरदारांबरोबर येणारी झुडपे त्यांच्या हाती पडू लागली. त्यांतलाच एक इतो इहेई. त्याने १६९२ मध्ये ‘किन्शू माकुरा’ हा पाच भागांचा ग्रंथ छापला. विषय एकच, अझेलिया. त्सुत्सुजी आणि सात्सुकी या दोन गटांतल्या तीनशेहून अधिक जाती त्यात चित्रांसह नोंदलेल्या आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस एका माळ्याने एका झुडपाच्या तीनशे जाती वेगळ्या ओळखाव्यात, त्यांना नावे द्यावीत आणि ती नावे गिऱ्हाइकाला पटावीत, यामागे काय लागते याचा विचार केला पाहिजे. अझेलियाचे बी पेरले तर रोप आईसारखे निघेलच असे नाही. एका बोंडातल्या दहा बियांतून दहा तऱ्हांची फुले निघू शकतात. एखाद्या जातीला नाव देऊन ती वर्षानुवर्षे विकायची तर तिची काडीच लावावी लागते. तेव्हा ‘किन्शू माकुरा’ ही वरवर फुलांची यादी असली, तरी ती छाट कलमाच्या भरभराटीचा दस्तऐवज आहे, असे मी म्हणेन.

सात्सुकी हे जपानचे स्वतःचे झुडूप. मूळचे नदीकाठच्या खडकांत उगवणारे, पुराचे पाणी अंगावरून गेले तरी तग धरणारे. पाने बारीक, फांद्या दाट आणि कापली तरी पुन्हा फुटणाऱ्या. बोन्सायला हवे ते सगळे त्याच्या अंगी आहे, आणि काडीला मूळही चटकन धरते. पण एडोच्या माळ्यांची काडीवरची भिस्त अझेलियापुरती नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चट्ट्यापट्ट्यांच्या, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या पानांच्या झाडांचे वेड एडोत शिगेला पोहोचले. १८२७ मध्ये ‘सोमोकु किहिन कागामी’ आणि १८२९ मध्ये ‘सोमोकु किन्यो शू’ असे दोन सचित्र ग्रंथ केवळ अशा विचित्र झाडांसाठी निघाले. हिरव्या झाडाची एखादीच फांदी अचानक पांढऱ्या कडांची पाने धरते. ती फांदी टिकवायची तर तिची काडी लावणे किंवा तिचे कलम बांधणे याखेरीज बहुतेक वेळा इलाज नसतो. १८६० मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पती-संग्राहक सोमेईत आला. चीनमधून चहाची रोपे भारतात आणणारा हाच माणूस, आशियातल्या रोपवाटिका त्याने भरपूर पाहिलेल्या होत्या. तरीही विक्रीसाठी वाढवलेली इतकी झाडे जगात कुठेच पाहिली नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. यांपैकी प्रत्येक कुंडी बोन्साय नव्हती, हे मान्य. पण कुंडीत झाड वाढवणे, त्याला आकार देणे, त्याची छाटणी करणे आणि त्याच्यासारखे दुसरे तयार करणे ही सगळी कसबे याच लोकांची होती. बोन्सायचे माळी पुढे याच वस्त्यांतून आले.

काडी लावणे सोपे म्हणून हलके, असा एक समज आहे. सात्सुकीचे छाट कलम जवळून पाहिले तर तो टिकत नाही. जूनमध्ये फुले सरली की झुडपाची छाटणी होते, आणि त्याच सुमारास जपानचा पावसाळा सुरू होतो. छाटणीतून निघालेल्या त्या वर्षीच्या कोवळ्या फुटींतून बोटभर लांबीच्या काड्या निवडतात. काडी फार कोवळी असली तर सडते आणि जून झाली असली तर रुसून बसते. वाकवल्यावर लवचीक पण किंचित ताठ लागेल अशीच घ्यायची. खालची पाने काढून शेंड्याकडची चार-पाच ठेवायची. बुंध्याला तिरका काप द्यायचा तो धारदार चाकूनेच, कारण कात्रीने पेशी चेंगरतात. मग थोडा वेळ पाण्यात ठेवून काडी कानुमात खोचायची. कानुमा म्हणजे तोचिगी प्रांतातल्या कानुमा गावाच्या जमिनीखाली सापडणारे पिवळे दाणे. सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या आकागी ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याची हलकी राख आणि प्युमिस वाऱ्याबरोबर पूर्वेला येऊन इथे थराने बसले. दाणा बोटात चुरडेल इतका मऊ, पाणी आणि हवा दोन्ही धरून ठेवणारा आणि आम्लधर्मी, म्हणजे अझेलियाच्या मुळांना नेमका हवा तसा. ओला असताना तो गडद पिवळा दिसतो, सुकला की फिकट, म्हणून पाणी कधी घालायचे हे कुंडीच सांगते. सावलीत, ओलाव्यात दीड-दोन महिने गेले की कापाच्या कडेला केसासारखी मुळे दिसू लागतात. काडीच्या आत काय घडते याचा उलगडा विज्ञानाला फार उशिरा झाला. ऑक्सिन हे संप्रेरक शेंड्याकडून खाली उतरून कापाशी साचते आणि तिथल्या पेशींना मूळ होण्याचा हुकूम देते, हे १९३० च्या दशकात स्पष्ट झाले. सोमेईच्या माळ्यांनी त्याआधी अडीचशे वर्षे हे हाताने साधले होते.

मग डोंगराचे माहात्म्य आले कुठून? माझ्या मते त्याचे उत्तर मेइजी काळातल्या अभिरुचीत आहे. एडोच्या अखेरीस कुंडीतल्या झाडांची एक लोकप्रिय तऱ्हा होती, तिला ताको म्हणजे ऑक्टोपसची शैली म्हणत. खोडाला वेटोळी आणि फांद्यांना लाटांसारखे बाक दिलेले असत. पाश्चात्त्य देशांत निर्यात झालेली सुरुवातीची बरीच झाडे याच थाटाची होती. १८६८ नंतरच्या नव्या राजवटीतल्या मंत्री, उद्योगपती आणि विद्वान मंडळींना हे बटबटीत वाटू लागले. चिनी साहित्यिक परंपरेचा प्रभाव असलेल्या या वर्गाला माणसाचा हात लागल्याची खूण नसलेले, निसर्गाने घडवल्यासारखे झाड हवे होते. पंतप्रधानपद भूषवलेले ओकुमा शिगेनोबू हे त्यांतले एक नामांकित शौकीन. अशा घरांतून झाडांना मोठी किंमत मिळू लागली. आता निसर्गाने घडवल्यासारखे झाड घडवायला माळ्याला निम्मे आयुष्य लागते, पण निसर्गाने खरोखर घडवलेले झाड डोंगरात तयार उभे असते. पैसा आणि घाई एकत्र आली की माणूस कुठे वळतो, हे सांगायला नको. याच काळात फांदीला तांब्याची तार गुंडाळून हवा तो बाक देण्याचे तंत्र रूढ झाले. त्यामुळे रानातल्या वेड्यावाकड्या झाडाला दिवाणखान्यात बसण्याजोगे रूप देणे शक्य झाले.

या मागणीचा पुरता फटका बसला तो शिंपाकुला. शिंपाकु हे जुनिपरच्या कुळातले, जपानच्या डोंगरकड्यांवर खडकाला चिकटून सरपटत वाढणारे देशी झुडूप. त्याचे लाकूड चिवट आणि राळयुक्त असते. फांदी मेली तरी ती कुजत नाही, उन्हापावसात पांढरीशुभ्र होऊन राहते आणि तिच्या शेजारून जिवंत सालीचा एक पट्टा हिरव्या पानांना अन्नपाणी पुरवतो. जीवन आणि मरण एकाच खोडात दिसत असल्यामुळे रसिकांना त्याचे वेड लागले नसते तरच नवल. मेइजी काळाच्या उत्तरार्धात शिकोकु बेटावरच्या इशिझुची पर्वतातून ही झाडे बाजारात येऊ लागली. तिथली चांगली झाडे विरळ होत गेली तसा शोध उत्तरेकडे सरकला आणि निइगाता प्रांतातल्या इतोइगावाजवळच्या चुनखडीच्या कड्यांवर येऊन थांबला. इथल्या शिंपाकुचे पान बारीक, दाट आणि टवटवीत हिरवे. कुठल्याही रानातल्या शिंपाकुहून देखणे. १९१२ च्या डिसेंबरात इतोइगावाला रेल्वे पोहोचली आणि तोक्योचा बाजार जवळ आला. मेइजीनंतरच्या तैशो काळात या कड्यांवर धंदेवाईक शोधकांची रीघ लागली. ते दोराने स्वतःला खाली सोडत आणि छिन्नी-हातोडीने खडक फोडून मुळे मोकळी करत. यात काहींनी जीवही गमावला. कमालीचे सावकाश वाढणारे हे झुडूप. एकदा उपटले की त्या फटीत दुसरे उभे राहायला माणसाच्या कित्येक पिढ्या जाव्यात. हाताशी येण्याजोगी झाडे दोन-तीन दशकांत संपली. त्यानंतरच्या शोवा काळाच्या पहिल्या दशकांत, म्हणजे जेमतेम एका माणसाच्या आयुष्यात, या व्यापाराचा बहर ओसरला होता.

इथे या कहाणीचा कणा आहे. कडे रिते झाले, पण इतोइगावा शिंपाकु नाहीसा झाला नाही. आज जगातल्या अनेक देशांत तो बोन्सायप्रेमींच्या अंगणात आहे आणि त्यातला बहुतांश भाग काडीपासून झालेला आहे. आणलेल्या झाडांच्या छाटणीतून निघालेल्या डहाळ्या माळ्यांनी लावल्या, त्यांच्यापासून पुन्हा काड्या घेतल्या आणि चांगल्या पानांचे वाण टिकवले. बी पेरून हे साधले नसते. जुनिपरचे बियाण्यापासून आलेले रोप पहिली अनेक वर्षे सुईसारखी टोचरी पाने धरते. खवल्यांसारखी मऊ पाने पुढे प्रौढपणी येतात. प्रौढ फांदीची काडी लावली की ती पहिल्या दिवसापासून प्रौढ पानेच धरते, कारण वनस्पतीच्या देहात फांदीचे वय फांदीबरोबरच जाते. म्हणजे आज कुणाच्या गच्चीतल्या कुंडीत इतोइगावाची काडी रुजली असेल, तर ती कड्यावरच्या त्या जुन्या झाडाचीच पुढे चाललेली काया आहे. तिला त्याची नक्कल म्हणणे चूक आहे. पुढे रोपवाटिकांनी आणखी एक कसब विकसित केले. दोन-तीन वर्षांच्या, पेन्सिलीइतक्या जाडीच्या रोपाला तार गुंडाळून ते घट्ट पिळायचे आणि तार सालीत रुतू द्यायची. जखम भरताना खोड जाड होते आणि पिळा कायमचा राहतो. मग त्यातली एखादी बाजू सोलून वाळवली की कड्यावर वाऱ्याने जे केले असते ते रोपवाटिकेत उतरते.

शेवटी तर गंगा उलटी वाहू लागली. रानातून आणलेल्या अनेक जुन्या जुनिपरचे खोड अप्रतिम असते, पण पान भरड आणि विस्कळीत. अशा खोडावर आता इतोइगावाच्या, काडीपासून वाढवलेल्या कोवळ्या फांद्यांचे भेट कलम बांधतात. कोकणातले बागायतदार आंब्याला बांधतात तसेच: दोन्ही फांद्यांची साल तासून, एकमेकींना चिकटवून आणि एकजीव होईपर्यंत बांधून ठेवायच्या. काही वर्षांत मूळची भरड पाने छाटून टाकली की झाडाचे खोड डोंगरातले आणि पाने काडीची उरतात. प्रदर्शनात लोक ज्याच्यापुढे थबकतात त्या कित्येक झाडांची सगळी हिरवळ रोपवाटिकेतून आलेली असते. डोंगर आणि रोपवाटिका यांतली रेघ इतकी ठळक मानणाऱ्यांनी याकडे नीट पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

यावर पहिला आक्षेप वयाचा घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. कड्यावरच्या झाडाने दोन-चार शतके सोसलेली असतात. काडीला ते कुठून येणार? काळाची बरोबरी कशानेच होत नाही, हे खरेच. पण या कलेत वय म्हणजे नेमके काय मोजले जाते? वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये यामाकी पाइन म्हणून ओळखले जाणारे झाड आहे. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने ५३ बोन्साय भेट दिली, त्यांतले हे एक. ते हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाचे होते आणि १९४५ च्या अणुबाँबमधून वाचले होते. त्याचे वय सांगताना १६२५ हे वर्ष सांगतात, आणि ते माणसाने त्याला कुंडीत घडवायला घेतल्याचे वर्ष आहे. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी रोज पाणी घातले, वर्षाआड मुळे तपासली, तेव्हा ते झाड उभे आहे. बोन्सायचे खरे वय सांभाळ केल्याचे असते, आणि त्याची मोजणी काडीलाही पहिल्या दिवसापासून लागू होते. उलट काडीचा एक फायदा रानातल्या झाडाला मिळत नाही. कड्यावरच्या झाडाचे मूळ एकाच फटीत लांबवर गेलेले असते, कुंडीसाठी ते कापावे लागते आणि त्यातच पुष्कळ झाडे दगावतात. काडीची मुळे कापाच्या भोवती चहूबाजूंनी फुटतात, आणि सुरुवातीपासून पसरून बसवली तर बुंध्याशी जमिनीला सर्व दिशांनी घट्ट धरणारी ती मुळांची चकती तयार होते. प्रत्येक परीक्षक बोन्सायमध्ये हीच आधी शोधतो.

दुसरा आक्षेप पाइनचा. जपानी बोन्सायचे मुकुटमणी काळे पाइन आणि पंचपर्णी पाइन. यांची काडी सहसा रुजत नाही. मग काडीने कला तारली असे कसे म्हणता येईल? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. पाइन बियाण्यापासून होतो, आणि पंचपर्णी पाइन पुष्कळदा काळ्या पाइनच्या मुळावर कलम बांधून. पण इथेही दिशा तीच आहे. शिकोकुतल्या ताकामात्सु शहराची किनाशी आणि कोकुबुन्जी ही गावे आज जपानच्या पाइन बोन्सायची मोठी पेठ आहेत. तिथला व्यवसाय सुमारे दोनशे वर्षांपूर्वी किनाऱ्यावरचे पाइन उकरून कुंडीत लावण्यापासून सुरू झाला, पण तो टिकला आणि वाढला तो शेतात ओळीने लावलेल्या रोपांवर. तिथे जाणाऱ्याला पिकासारखी उभी पाइनची शेते दिसतात. तेव्हा माझा दावा नेमका करून सांगायचा तर असा: कलेला तारले रोपवाटिकेने. झुडपांच्या बाबतीत तिचे मुख्य हत्यार काडी होती, पाइनच्या बाबतीत बी आणि कलम.

तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो: काड्या म्हणजे एकाच झाडाच्या हजार प्रती, त्यांत वेगळेपण कसले? आपल्याकडचा प्रत्येक हापूस याच अर्थाने प्रत आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात बांधल्या गेलेल्या कलमांची ती परंपरा, आणि तरीही देवगडच्या कातळावरचा आणि रत्नागिरीच्या मातीतला हापूस खाणाऱ्याला वेगळा लागतो. जपानमध्ये वसंतात ज्या चेरीखाली सारा देश बसतो त्या सोमेई-योशिनोची झाडेही कलमाने वाढवलेली, एकाच वाणाची आहेत, आणि तिचा प्रसार त्याच सोमेईच्या माळ्यांनी केला. मूळ द्रव्य एक असले तरी जमीन, हवा आणि हात वेगळे असतात. बोन्सायमध्ये हाताचा वाटा तर आंब्याहून कितीतरी मोठा. एकाच मातृवृक्षाच्या दोन काड्या दोन घरांत वीस वर्षे वाढू द्या. त्यांना एकाच आईची मुले म्हणून ओळखणे अवघड जाते.

काडीने आणखी एक गोष्ट केली आणि तिची दखल फार कमी घेतली जाते: हे झाड कुणाच्या घरी असू शकते, हे तिने बदलले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत तोक्यो होरपळले. शहरातल्या दांगोझाका परिसरातल्या बोन्साय माळ्यांनी स्वच्छ पाणी आणि मोकळी जमीन शोधत १९२५ मध्ये उत्तरेकडच्या ओमियात नवी वस्ती केली. रहिवाशांनी आपणहून घातलेले नियम प्रसिद्ध आहेत: प्रत्येक घरी किमान दहा बोन्साय हवेत, फाटक उघडे ठेवायचे, घर दुमजली बांधायचे नाही, कुंपण झुडपांचेच हवे. येणाऱ्या कुणालाही झाडे पाहता यावीत हा त्यामागचा हेतू. १९३४ मध्ये तोक्योत पहिले कोकुफू बोन्साय प्रदर्शन भरले आणि बोन्साय कलादालनात आले. मग दुसरे महायुद्ध आले. त्या काळात शौकाला जागा उरली नाही, पाणी घालायला माणसे उरली नाहीत आणि ओमियातल्या अनेक बागा मोडल्या. त्यानंतर जे पुन्हा उभे राहिले ते पूर्वीच्या धनिकांच्या जोरावर राहणे शक्यच नव्हते. लहान घरात, खिडकीच्या कठड्यावर मावणारी वीतभर उंचीची झाडे आणि ती हौसेने वाढवणारी नोकरदार माणसे यांच्यावर हा व्यवसाय पुढे चालला. १९७० च्या दशकात सात्सुकीची तर लाट आली. डोंगरातले एक झाड एकाच घरी जाऊ शकते. त्याच्या काड्या शंभर घरी जातात, आणि शंभरांपैकी पाच-दहा घरी खरा माळी तयार होतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न आज जिवंत आहे. आपल्याकडे काडीची विद्या परकी नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेतल्या वृक्षायुर्वेदात डाळिंब, द्राक्ष, महाळुंग, जांभूळ अशा झाडांची यादी देऊन त्यांच्या फांद्या शेणाचा लेप देऊन लावाव्यात असे सांगितले आहे. वडाचे जाड खुंट रोवून रस्त्याकडेची झाडे वाढवणे तर आजही चालते. तरीही बोन्सायचा नवा शौकीन बहुधा परदेशी फायकसची नाहीतर जेडची कुंडी विकत घेतो. त्याहून पुढे गेलेल्याची नजर सह्याद्रीतल्या जुन्या खोडांकडे वळते. राखीव वनातून परवानगीशिवाय झाड काढणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, हे तर आहेच. पण कायदा नसता तरी इतोइगावाच्या कड्यांकडे पाहून आपण थांबायला हवे होते. डोंगरमाथ्याच्या फटीत खुरटलेले एखादे झुडूप तिथल्या मातीला, पाखरांना आणि किड्यांना धरून असते. पडक्या वाड्याच्या भिंतीतून निघालेला पिंपळ किंवा उंबर मात्र मोकळ्या मनाने आणावा, कारण तो तिथे राहिला तर भिंत पाडतो किंवा स्वतः कापला जातो.

आणि झुडूपच हवे असेल तर निर्गुडी आहे. ओढ्याकाठी, बांधावर, कुंपणाला सगळीकडे उगवणारी. तिच्या उग्र वासामुळे गुरे तोंड लावत नाहीत, आणि सुजेवर, सांधेदुखीवर तिचा पाला शेकायला घरोघर वापरतात. चीनमध्ये हीच वनस्पती कुंडीतल्या झाडांच्या कलेत मानाची आहे. हुआंगजिंग या नावाने तिची जुनी, गाठाळलेली खोडे तिथल्या प्रदर्शनांत मांडतात. तिथेही ती बहुतेक डोंगरातून खणून आणलेली असतात, तेव्हा जपानने केलेली चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही आपल्यासमोर आहेत. करवंदाच्या काडीला मूळ धरायला जड जाते, ते बियांपासून करावे. निर्गुडीची काडी मात्र पावसाळ्यात सहज रुजते. अंगठ्याएवढी जाड काडी लावली तर खोडाची पहिली काही वर्षे वाचतात. अमुक ओढ्याची निर्गुडी पान बारीक ठेवते, तमुक बांधावरची खोड लवकर फुगवते, असे फरक आपल्याकडे असणारच. ते हेरून, त्या त्या गावाच्या नावाने वाण राखून त्यांच्या काड्या एकमेकांना देण्याचे काम इथल्या बोन्साय मंडळांनी हाती घ्यावे. सोमेईच्या माळ्यांनी अझेलियाच्या बाबतीत तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी नेमके हेच केले, आणि त्यासाठी त्यांना चाकू, सावली, पावसाळा आणि नाव लिहिलेली एक पट्टी एवढेच पुरले.